पान सोपे, काम कोणाचे?

यूट्यूबमध्ये काम करणाऱ्या ख्रिस झकारायस या अभियंत्याला २००९च्या सुमारास एक गोष्ट खुपत होती. दाखवायचा एक व्हिडिओ, पण तो दाखवणाऱ्या पानाचे वजन १.२ मेगाबाइटवर गेले होते. ते पान पुरते उभे राहण्यासाठी ब्राउझरला सर्व्हरकडे डझनावारी फेऱ्या माराव्या लागत. झकारायसने शंभर किलोबाइटच्या आत पान बसवायचे असा हट्ट धरला. एकेक गोष्ट बाहेर काढत, उरलेली नव्याने लिहीत त्याने ते ९८ किलोबाइट आणि १४ फेऱ्यांवर आणले. ‘फेदर’ नावाचे हे हलके पान काही प्रेक्षकांसाठी सुरू झाले. आठवड्याने आकडे पाहिले, तर पान उघडायला लागणारा सरासरी वेळ चक्क वाढलेला होता.

कोडे सुटले ते प्रदेशवार आकडे मांडल्यावर. आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, सायबेरिया अशा भागांतून नव्या प्रेक्षकांचा लोंढा आला होता. तिथल्या मंद इंटरनेटवर जुने पान उघडायला वीस-वीस मिनिटे लागत, म्हणून ती माणसे कधी तिकडे फिरकलीच नव्हती. नव्या पानाला दोन मिनिटे लागत होती. दोन मिनिटे काही थोडी नव्हेत, पण आता व्हिडिओ पाहता तरी येत होता. आजवर मोजणीबाहेर असलेली ही माणसे मोजणीत आली आणि सरासरी बिघडली.

झकारायसने ही हकिकत २०१२ मध्ये लिहिली. वेबपानाचा वेग हा विषय निघाला की ती सांगितली जाते. साधेपणाच्या चर्चेत मात्र ती फारशी येत नाही, आणि खरे तर तिची जागा तिथेच आहे. एका माणसाने राबून असंख्य माणसांचे ताटकळणे संपवले. वेबपानाच्या साधेपणाचा हिशेब असाच मांडावा लागतो: कष्ट कोणी उपसले आणि कोणाचे वाचले?

हा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. ‘साधी, सुटसुटीत वेबसाइट हवी’ असे सांगणारा ग्राहक आणि ती बनवणारा डिझायनर या दोघांच्याही डोळ्यांसमोर बहुतेक वेळा एक चित्र असते. भरपूर पांढरी जागा, फिकट राखाडी रंगात बारीक अक्षरे, पडदाभर एक छायाचित्र, त्यावर चार शब्दांचे मोघम वाक्य आणि कोपऱ्यात तीन आडव्या रेघा. दिसायला प्रसन्न. पण दुकान किती वाजता उघडते, पैसे परत मिळतात का, तक्रार कुठे करायची, हे शोधायला गेलेला माणूस त्या पांढऱ्या माळरानावर भटकत राहतो. पान साधे दिसले, काम मात्र अवघड झाले.

संगणकाच्या जगात ज्याचा उल्लेख ‘टेस्लरचा नियम’ असा होतो, तो इथे उपयोगी पडतो. लॅरी टेस्लर हा झेरॉक्स पार्क आणि नंतर ॲपलमध्ये काम केलेला संशोधक. कट, कॉपी, पेस्ट ही आज हाताच्या सवयीची झालेली क्रिया घडवण्यात त्याचा मोठा वाटा. २०२०मध्ये तो गेला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते की कोणत्याही कामातली गुंतागुंत एका मर्यादेपलीकडे कमी होत नाही. ती फक्त इकडून तिकडे सरकते. एक तर ती बनवणारा सोसतो, नाही तर वापरणारा.

गूगलचे १९९८चे पान या नियमाचा पुरावा आहे, आणि त्याचा चुकीचा अर्थ लावणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. याहू, एक्साइट यांसारखी त्या काळातली पोर्टले बातम्या, हवामान, राशिभविष्य, जाहिराती यांनी ओसंडत होती. त्यांच्यापुढे गूगलची एक चौकट आणि दोन बटणे. गूगलमध्ये काम केलेल्या मारिसा मेयर यांनी पुढे सांगितलेली गंमत अशी की सुरुवातीच्या चाचण्यांत लोक त्या पानासमोर नुसते बसून राहत. उरलेले पान अजून यायचे आहे अशी त्यांची समजूत असे. मग पानाच्या तळाशी कॉपीराइटची ओळ टाकली गेली. कायद्याला तिची गरज नव्हती, ‘पान इथे संपले’ एवढेच ती सांगत होती. त्या कोऱ्या पानाची नक्कल नंतर पुष्कळांनी केली. पण गूगलला एवढी जागा कोरी ठेवणे परवडले, कारण पडद्यामागे दुव्यांवरून पानांची प्रतवारी लावण्याचे अवाढव्य काम चालू होते. मागचे काम न करता पुढची चौकट तेवढी उचलली, तर हाती फक्त रिकामी चौकट येते.

पानाची मांडणी ही हौसेची बाब आहे असा एक समज आहे. रंग कोणाला निळा आवडतो, कोणाला केशरी; मग वाद कशाला? पण डोळा आवडीनिवडीच्या आधी काम करतो. माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात कागदावरचे साधे ठिपके आणि रेघा घेऊन हे दाखवले. जवळजवळ असलेले ठिपके एका गटाचे वाटतात. एकसारखे दिसणारे एका जातीचे वाटतात. एका ओळीत आलेले एकमेकांचे पुढचे पाऊल वाटतात. हे कोणी शिकवावे लागत नाही आणि ठरवून थांबवताही येत नाही. फॉर्ममधला ‘आडनाव’ हा शब्द वरच्या चौकटीपासून आणि खालच्या चौकटीपासून सारख्याच अंतरावर असला, तर शिकलासवरला माणूसही एका ठिकाणी अडखळतो. त्याची चूक नसते. पानाने त्याच्या डोळ्याला दोन उलट गोष्टी सांगितलेल्या असतात.

अशा अडखळण्याची किंमत किती होऊ शकते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण वेबचे नाही, कागदाचे आहे. सन २०००, अमेरिकेतील फ्लोरिडा राज्य, पाम बीच परगणा. अध्यक्षपदासाठी उमेदवार दहा. सगळी नावे एका पानावर घ्यायची तर अक्षरे बारीक होणार, आणि या परगण्यात वृद्ध मतदार पुष्कळ. म्हणून तिथल्या निवडणूक अधिकारी थेरेसा लेपोर यांनी नावे समोरासमोरच्या दोन पानांवर विभागली आणि मधल्या पट्टीत छिद्रे ठेवली. हेतू अगदी चांगला: अक्षर मोठे दिसावे. डावीकडच्या यादीत पहिले नाव जॉर्ज बुश, दुसरे अल गोर. मात्र मधल्या पट्टीतले दुसरे छिद्र उजव्या पानावरच्या पहिल्या उमेदवाराचे, पॅट ब्युकॅनन यांचे होते. गोर यांचे तिसरे. डावे पान वाचत आलेला डोळा दुसऱ्या नावावरून सरळ दुसऱ्या छिद्राकडे गेला. तिथे ब्युकॅनन यांना ३,४०७ मते पडली. एकोणीस हजारांहून अधिक मतपत्रिकांवर एकापेक्षा जास्त छिद्रे पडल्याने त्या बाद झाल्या. राज्यातला अंतिम फरक होता ५३७ मतांचा, आणि त्या राज्यावर अध्यक्षपद ठरले. पुढच्याच वर्षी राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, गोर यांना द्यायची दोन हजारांहून अधिक मते चुकून ब्युकॅनन यांच्याकडे गेली असा निष्कर्ष निघाला.

अक्षर मोठे केले म्हणजे पान सोपे झाले, या समजुतीला इतके महागडे उत्तर क्वचितच मिळाले असेल. लेपोर यांनी एक तत्त्व पाळले आणि दुसरे मोडले. मतपत्रिका आदल्या आठवड्यात दहा-बारा वृद्धांच्या हातात देऊन पाहिली असती तर गोंधळ लगेच दिसला असता.

पहिल्या दृष्टिक्षेपाचाही मुद्दा आहेच. कॅनडातील कार्लटन विद्यापीठात गिटे लिंडगार्ड आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये दाखवले की वेबपान आकर्षक आहे की नाही, याबद्दल माणसाचे मत ५० मिलिसेकंदांत बनते. २०१२मध्ये बाझेल विद्यापीठ आणि गूगलच्या संशोधकांनी त्यात भर घातली: ज्या पानांवर गर्दी कमी असते आणि जी त्या प्रकारच्या इतर पानांसारखीच दिसतात, ती लोकांना सर्वांत सुंदर वाटतात. या दुसऱ्या अटीकडे डिझायनर मंडळी कानाडोळा करतात. बँकेचे पान बँकेसारखे दिसावे, लॉगिन वर उजवीकडे असावे, शोधाची चौकट शोधाच्या चौकटीसारखी असावी. यात प्रतिभेला वाव कमी मिळतो हे खरे, पण बँकेत पैसे भरायला आलेल्या माणसाला कोणाची प्रतिभा पाहायची नसते.

या सगळ्या विचाराला देशाच्या पातळीवर हात घालणारा प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. तिथल्या सरकारच्या शेकडो वेबसाइट होत्या, प्रत्येक खात्याचा वेगळा थाट. उद्योजिका मार्था लेन फॉक्स यांनी २०१०मध्ये सरकारला दिलेल्या अहवालात थोडीफार डागडुजी न सुचवता उलथापालथ सुचवली. त्यातली सर्वांत धारदार शिफारस रंगरूपाबद्दल नव्हती, अधिकाराबद्दल होती: सगळ्या सरकारी वेबसाइटवर नागरिकाला काय अनुभव येतो, याचे पूर्ण नियंत्रण एका मध्यवर्ती गटाकडे द्या. त्यातून २०११मध्ये ‘गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस’ उभी राहिली आणि ऑक्टोबर २०१२मध्ये ‘गव्ह डॉट यूके’ ही एकच वेबसाइट जुन्या दोन मोठ्या वेबसाइटच्या जागी आली. खात्यांच्या वेबसाइट मग एकेक करून तिच्यात विलीन झाल्या.

ती पाहिली तर पहिल्यांदा निराशाच होते. पांढरे पान, काळी अक्षरे, निळे दुवे, मंत्र्याचे छायाचित्र नाही, फिरती चित्रे नाहीत. लंडनच्या डिझाइन म्युझियमने २०१३ सालचे सर्वोत्तम डिझाइन म्हणून या वेबसाइटची निवड केली तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. यात डिझाइन आहे कुठे? ते पाहायचे तर सार्वजनिक सुट्ट्यांचे पान उघडावे. पुढची सुट्टी कधी, हे वर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. यादी त्याखाली. माणूस तिथे येतो तो बहुतेक वेळा एवढ्याच प्रश्नासाठी, आणि खाली न सरकता, काहीही न दाबता उत्तर घेऊन जातो. सुट्टीच्या कायद्याचा इतिहास, खात्याचे मनोगत वगैरे तिथे नाही. मजकूर नऊ वर्षांच्या मुलाला वाचता येईल इतका सोपा लिहावा, असा तिथला दंडक आहे. ‘नेहमी विचारले जाणारे प्रश्न’ हा सगळीकडे आढळणारा कप्पाही तिथे टाळला जातो, कारण जे लोक नेहमी विचारतात ते मुख्य मजकुरातच नीट सांगितलेले असायला हवे.

या गटाने २०१२मध्ये आपली दहा तत्त्वे जाहीर केली. पहिले, नागरिकाच्या गरजेपासून सुरुवात करा. दुसरे, कमी करा; जे फक्त सरकारच करू शकते तेवढेच सरकारने करावे. उदाहरण म्हणून मधमाश्या पाळण्याचा सल्ला देणे हे सरकारी वेबसाइटचे काम नाही असे सांगितले गेले. तो सल्ला देणारे जाणकार बाहेर आहेत. आणि चौथे तत्त्व तर टेस्लरच्या नियमाचेच सरकारी रूप आहे: पान सोपे व्हावे म्हणून अवघड काम तुम्ही करा.

‘गव्ह डॉट यूके’वरच्या अक्षराची गोष्ट तर आणखी मागे जाते. ब्रिटनमध्ये मोटारमार्ग बांधले जाऊ लागले तेव्हा, १९५०च्या दशकाच्या अखेरीस, जॉक किनियर आणि मार्गारेट काल्व्हर्ट यांनी रस्त्याच्या पाट्यांसाठी ‘ट्रान्सपोर्ट’ नावाचे वळण तयार केले. धावत्या गाडीतून एका नजरेत वाचता यावे, ही त्याची कसोटी. वेबसाइटसाठी त्याच काल्व्हर्ट यांनी हेन्रिक कुबेल यांच्यासोबत केलेली ‘न्यू ट्रान्सपोर्ट’ ही नवी आवृत्ती वापरली गेली. घाईत, दुसऱ्याच चिंतेत असलेला, अर्धेच लक्ष देऊ शकणारा माणूस हा रस्त्यावरही असतो आणि पेन्शनचा अर्ज भरतानाही असतो, हे ज्याने ओळखले त्याला डिझाइनचे मर्म कळले होते.

या प्रयोगातून निघणारा धडा आपल्याकडे सांगितला जात नाही, कारण तो गैरसोयीचा आहे. मुखपृष्ठावरची गर्दी डिझायनरच्या अडाणीपणातून येत नाही. ती कार्यालयातून येते. मुखपृष्ठावर जागा मिळणे हा मान असतो. प्रत्येक शाखेला, प्रत्येक योजनेला, प्रत्येक साहेबाला तो हवा असतो. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कोणाच्याही हातात नसेल तर पान भरतच जाणार. लेन फॉक्स यांनी तो अधिकार आधी मागितला, रंग आणि अक्षरे नंतर आली.

साधेपणाच्या नावाने फसवणूकही चालते, त्याचे दोन प्रकार दिसतात. पहिला भाबडा. २०१२मध्ये आलेल्या विंडोज ८ने डाव्या कोपऱ्यातले ‘स्टार्ट’ बटण काढून टाकले आणि अनेक गोष्टी पडद्याच्या कडांमध्ये दडवल्या. पडदा स्वच्छ झाला; वर्षानुवर्षे संगणक वापरणारी माणसे मात्र तो बंद कसा करायचा हे विचारू लागली. वर्षभरात ८.१ आवृत्तीत बटण परत आले. त्याच सुमारास सपाट डिझाइनची लाट आली. बटणाचा उठाव गेला, दुव्याखालची रेघ गेली, काय दाबता येते आणि काय नुसते वाचायचे आहे हे ओळखण्याच्या खुणा गेल्या. नील्सन नॉर्मन ग्रुपने २०१७मध्ये केलेल्या चाचणीत अशा पुसट खुणांच्या पानांवर लोकांना सरासरी २२ टक्के जास्त वेळ लागला. डिझायनरने रेघ वाचवली, वाचकाने वेळ मोजला. फिकट राखाडी अक्षरांचेही तेच. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ला १ एवढा फरक असावा, मोठ्या अक्षरांना ३ला १ चालेल, हा आंतरराष्ट्रीय निकष २००८पासून लेखी आहे. तो तपासायला मिनिटभरही लागत नाही. तरीही दुपारच्या उन्हात मोबाइल धरून डोळे बारीक करणारी माणसे रोज दिसतात.

दुसरा प्रकार हिशेबी. तिथे साधेपणा निवडक असतो: आत येण्याचा रस्ता गुळगुळीत, बाहेर पडण्याचा काट्याकुट्यांचा. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जून २०२३मध्ये ॲमेझॉनविरुद्ध खटला भरला तेव्हा ‘प्राइम’चे सदस्यत्व सोडण्याच्या वाटेचे वर्णन दाव्यात आले: चार पाने, सहा क्लिक, पंधरा पर्याय. कंपनीत या वाटेला ‘इलियड’ म्हटले जात असे, असाही उल्लेख त्यात होता. होमरच्या त्या महाकाव्यातले युद्ध किती लांबते, हे नाव ठेवणाऱ्याला ठाऊक असणार. सप्टेंबर २०२५मध्ये हे प्रकरण अडीच अब्ज डॉलरच्या तडजोडीने मिटले. कंपनीने आरोप मान्य केले नाहीत. अशा युक्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव हॅरी ब्रिग्नल यांनी २०१०मध्ये दिले होते. भारत सरकारनेही ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ युक्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. खोटी घाई लावणे, टोपलीत न मागितलेली वस्तू सरकवणे, नकार देणाऱ्याला लाजवणे, हे सगळे त्या यादीत आहे. या युक्त्या वापरणाऱ्या पानांची मांडणी पाहिली तर दृष्टीचे सगळे नियम त्यांनी कसोशीने पाळलेले आढळतात. ‘हो’चे बटण मोठे, भडक, अंगठ्याखाली; ‘नको’ हे बारीक, राखाडी, कोपऱ्यात. वेर्टहायमर कोणाच्याही चाकरीला लागतो.

आता उलट बाजू. गर्दीचे पान म्हणजे वाईट पान, हेही खरे नाही. जपानमधील याहूचे मुखपृष्ठ आजही दाटीवाटीचे आहे आणि तिथल्या वाचकांना ते सवयीचे आहे. पाने किती भरलेली आवडतात हे देशागणिक, वयागणिक बदलते, असे कॅथरिना रायनेके यांच्या ऑनलाइन प्रयोगांतून दिसले. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी १९८३पासून सांगत आले आहेत की माहिती जास्त असणे हा दोष नाही, माहिती न देणारी शाई जास्त असणे हा दोष आहे. रेल्वेच्या वेळापत्रकात शेकडो आकडे असतात आणि ते असायलाच हवेत. त्यातले चार आकडे दाखवून ‘आणखी पाहा’ असे बटण लावणारा प्रवाशाचे काही भले करत नाही. मोकळ्या जागेचेही तसेच. विकिपीडियाने जानेवारी २०२३मध्ये इंग्रजी आवृत्तीचे रूप बदलले, ओळीची लांबी आवरली आणि दोन्ही बाजूंना पांढरी जागा आली. छापील पुस्तकात एका ओळीत ४५ ते ७५ अक्षरे वाचायला सोयीची असतात हा मुद्रकांचा जुना अनुभव त्यामागे होता. तरीही ‘जागा वाया घालवली’ म्हणून जुन्या संपादकांनी रान उठवले. त्यांचे म्हणणे सर्वस्वी चूक नव्हते. लांबलचक तक्ते चाळणाऱ्याला रुंद पान लागते. वाचणाऱ्याची सोय आणि तपासणाऱ्याची सोय वेगळी असते, आणि एका पानाने दोन्ही सांभाळायच्या तर रुंदी बदलायचे बटण द्यावे लागते. तसे ते दिले गेले.

मराठी पानांकडे वळले की या चर्चेत अक्षराचा एक वेगळाच प्रश्न येतो. वेबची बहुतेक तत्त्वे रोमन लिपी समोर ठेवून घडली. देवनागरीत वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. रोमनसाठी ठरवलेले दोन ओळींमधले अंतर इथे अपुरे पडते. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो. त्याच मापाचे देवनागरी अक्षर रोमनपेक्षा लहान दिसते, कारण उंचीचा बराच भाग मात्रांसाठी राखलेला असतो. मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांमधले अंतर वाढवण्याची इंग्रजी युक्ती देवनागरीत केली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. कॅपिटल अक्षरे नाहीत, त्यामुळे महत्त्व दाखवायचे ते आकार, जाडी आणि जागा यांनीच. हे सगळे ठाऊक असलेले लोक महाराष्ट्रात आहेत, आणि पूर्वीही होते. बापूराव नाईकांनी देवनागरी मुद्राक्षरांवर १९७१मध्ये तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. विंडोजबरोबर घरोघरी पोचलेला ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशींचा. मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेचे ‘मुक्ता’, ‘बलू’ हे फॉन्ट कोणालाही फुकट वापरता येतात. प्रत्येक वृत्तपत्राचा वेगळा फॉन्ट उतरवून घेण्याचा, नाही तर चौकोन आणि चिन्हांचा चिवडा वाचण्याचा काळ युनिकोडने कधीच संपवला. साधने हाताशी आहेत. तरी कित्येक मराठी पाने आधी इंग्रजीत मांडली जातात आणि मग त्याच साच्यात मराठी ओतले जाते, तेही ‘सबमिट करा’ आणि ‘येथे क्लिक करा’ या थाटाचे.

सरकारी वेबसाइटवर तर सरकती पट्टी, वर्षापूर्वीच्या परिपत्रकाशेजारी अजूनही लुकलुकणारे ‘नवीन’ आणि मान्यवरांची छायाचित्रे हा जणू ठरलेला नैवेद्य आहे. पण त्याहून नेमके उदाहरण सातबाऱ्याचे. राज्याच्या जमीन नोंदींच्या ‘महाभूलेख’ या वेबसाइटवर उतारा पाहायचा तर बराच काळ पहिला प्रश्न असे तो महसूल विभागाचा: पुणे, नाशिक, कोकण, नागपूर वगैरे. त्यानंतर जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक. सातबारा ऑनलाइन आला ही मोठीच सोय झाली, तलाठ्याच्या दारातल्या खेपा वाचल्या. तालुका आणि जिल्हा विचारणेही रास्त, कारण एकाच नावाची गावे पुष्कळ. विभाग मात्र कशाला? बीड जिल्हा कोणत्या विभागात येतो हे संगणकाला जिल्हा निवडताच कळू शकते. तो प्रश्न शेतकऱ्याच्या गरजेतून आलेला नाही, महसूल खात्याच्या रचनेतून आलेला आहे. एका क्लिकची गोष्ट आहे खरी. पण पानावर कार्यालयाची रचना उमटते की अर्जदाराचे काम, हे अशा एका क्लिकवरूनच कळते.

२०२१च्या कोविड लसीकरणात हा फरक एका क्लिकपुरता राहिला नाही. अठरा वर्षांवरील सर्वांसाठी ‘कोविन’ या सरकारी वेबसाइटवर नोंदणी २८ एप्रिलला सुरू झाली, तीही इंग्रजीत. मे महिन्यात पुण्या-मुंबईची चपळ बोटे ग्रामीण केंद्रांवरच्या वेळा मिळवत होती आणि त्या गावातली माणसे आपल्याच आरोग्य केंद्राबाहेर उभी होती. सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीवर बोट ठेवले; जूनमध्ये मराठीसह इतर भारतीय भाषा आल्या. ३० एप्रिल २०२५ रोजी याच न्यायालयाने आणखी पुढे जाऊन डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा राज्यघटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. प्रकरण होते ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींचे. ओळख पटवताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावण्याची अट त्यांना बँकेच्या दाराबाहेर ठेवत होती. ती अट घालणाऱ्याच्या मनात कोणाला वगळायचे नव्हते. डोळे मिचकावता न येणारा माणूस त्याला सुचलाच नव्हता, एवढेच.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५मध्ये झाला. दाखला किती दिवसांत मिळायला हवा हे त्याखाली ठरते, आणि ते दिवस परिपूर्ण अर्ज अधिकाऱ्याकडे पोचल्यापासून मोजले जातात. त्याआधीचा वेळ, म्हणजे फाइलचा आकार जास्त म्हणून तीनदा परत आलेले छायाचित्र, मध्येच संपलेले सत्र, न सापडलेले बटण आणि शेवटी सायबर कॅफेवाल्याला दिलेले पैसे, हे कुठल्याच अहवालात येत नाही. किती जणांनी फॉर्म उघडला, कितव्या चौकटीवर सोडून दिला आणि किती जण शेवटपर्यंत पोचले, याची नोंद ठेवणे आज कोणत्याही वेबसाइटला अवघड नाही. प्रत्येक खात्याने हे तीन आकडे सेवेगणिक काढावेत, आणि राज्य सेवा हक्क आयोगाने ते आपल्या वार्षिक अहवालात खात्याच्या नावासह छापावेत.